वहिमाचं दार

इजिप्तमध्ये सक्काऱ्याला, मेहू नावाच्या प्राचीन वजिराच्या थडग्यात त्या वेळी आम्ही दोघंच होतो, मी आणि तिथला राखणदार. बाहेर उन्हाने वाळू पांढरी पडली होती, त्यामुळे आत शिरल्यावर मिनिटभर काही दिसेना. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि हात भिंतीजवळ नेऊन उजेड आडवा सोडला. तोवर सपाट वाटणारी भिंत एकदम उठून आली. गडद लाल रंग, त्यावर पिवळी अक्षरं, एकात एक बसवलेल्या चौकटी, आणि सगळ्यांच्या मधोमध एक अरुंद फट.

"बाब वहमी," तो म्हणाला.

मला अरबी येत नाही. पण हे दोन्ही शब्द घरचेच निघाले. बाब म्हणजे दार. पुस्तकातल्या प्रकरणालाही अरबीत बाबच म्हणतात, आणि तोच शब्द फारसीतून हिंडत आपल्याकडे आला तो 'ही बाब वेगळी' म्हणण्यासाठी. वहम म्हणजे भास. मराठीत उतरेपर्यंत त्याचा वहीम झाला आणि अर्थ भासावरून संशयाकडे सरकला. आमच्या आजीला दूधवाल्याचा कायम वहीम असायचा.

थडग्याच्या भिंतीत कोरलेल्या, न उघडणाऱ्या या दारांना आपल्याकडे लिहिताना 'खोटं दार' म्हणतात. इंग्रजीतून आलेलं नाव आहे आणि मीही ते बरीच वर्षं वापरलं. त्या दुपारनंतर मला ते लिहवत नाही. राखणदाराने दिलेलं नाव मला जास्त पटलं, आणि तेही त्याच्या अर्थाने नाही, माझ्या आजीच्या अर्थाने. ही दारं वहिमातून उभी राहिली आहेत. आपण गेल्यावर आपली माणसं आपल्याला विसरतील, हा तो वहीम.

आधी दार नीट पाहू. नाईलच्या पश्चिमेला वाळवंटाचं पठार सुरू होतं. वस्ती पूर्वेला, शेतं पूर्वेला, आणि सूर्य मावळतो त्या बाजूला मेलेल्यांचं गाव. सक्काऱ्याची आणि गिझाची जुनी थडगी बाहेरून लांबट ओट्यासारखी दिसतात. मास्तबा हा अरबी शब्द ओट्यासाठीच आहे. त्या ओट्याच्या पोटात एक खोली असते आणि तिच्या पश्चिमेच्या भिंतीत हे दार. म्हणजे आपण जिवंतांच्या बाजूला उभे राहून मावळतीकडे तोंड करून बघत असतो.

दार एकसंध दगडात कोरलेलं. दोन्हीकडे द्वारशाखा, म्हणजे चौकटीच्या उभ्या पट्ट्या, कधी दोन तर कधी तीन, आत आत जाणाऱ्या. प्रत्येकीच्या पायथ्याशी थडग्याच्या धन्याची छोटी उभी आकृती, आत यायला निघाल्यासारखी. फटीच्या माथ्यावर दगडाची एक आडवी गुंडाळी असते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते ती ही गुंडाळी. ती लव्हाळ्याची चटई आहे. मातीच्या घराच्या दारावर चटई सोडायची, माणसं येणार-जाणार असली की वर गुंडाळून ठेवायची, ती ही. दगडात कोरताना त्यांनी ती गुंडाळलेली कोरली. दार कायमचं उघडं आहे, हे सांगायला त्यांना एवढं पुरलं. बहुतेक दारांवर मृताचं नाव असतं ते नेमकं या चटईवर.

तिच्याही वर एक चौकोनी पाटी. त्यात धनी खुर्चीवर बसलेला, समोर चौरंग, चौरंगावर लांबट भाकरीचे उभे काप एकाशेजारी एक रचलेले. त्यांच्याकडे हात पुढे केलेला.

मेहूचं दार लाल आहे, कारण त्याला ग्रॅनाइट दाखवायचा होता. ग्रॅनाइट येतो दक्षिणेतल्या अस्वानहून, नदीतून शेकडो किलोमीटर, आणि तो मिळणं न मिळणं राजाच्या मर्जीवर. सक्काऱ्याला हाताशी होती चुनखडी. म्हणून चुनखडीवर लाल रंग द्यायचा, काही ठिकाणी त्यावर बारीक काळे ठिपकेही मारायचे. मेहू सहाव्या राजघराण्याच्या काळातला वजीर, इ.स.पू. 2300 च्या आसपासचा. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या दारावर रंगारी दगडाचं सोंग रंगवतोय. मला ते पाहताना तो रंगारीच दिसत राहिला. लाल सुकायची वाट बघत, पिवळ्याची वाटी हातात धरून.

आणि दाराच्या मागे? चिरे, खडी, डोंगराचा खडक. पोकळी नाही. मृतदेह तिथे नसतोच. तो खाली खोल, वेगळ्या विहिरीसारख्या कूपातून उतरवलेला असतो आणि कूप दगडमातीने भरून टाकलेला असतो. वरची खोली आणि खालची खोली यांना जोडणारी वाट नाही. वाट एवढीच, हे न उघडणारं दार. त्यातून 'का' ये-जा करतो. 'का' म्हणजे माणसाबरोबर जन्मणारी त्याची जीवनशक्ती. देह गेला तरी 'का' मागे राहतो आणि त्याला भूक लागते. त्यांच्या भाषेत अन्नाला जो शब्द आहे तोही याच 'का'पासून आलेला. भूक ही त्यांच्या लेखी जगण्याची शेवटपर्यंत न सुटणारी खूण होती, आणि मेल्यावरही ती सुटू नये अशीच त्यांची इच्छा होती.

म्हणून दारापुढे दगडी पाट. त्यावर रोज भाकरी आणि जवाची बिअर.

हे दार काही एका रात्रीत सुचलेलं नाही. पहिल्या राजघराण्याच्या थडग्यांना कच्च्या विटांच्या भिंतींत खाचाच खाचा होत्या, राजवाड्याच्या तटबंदीसारख्या. पुढे पूर्वेच्या दर्शनी बाजूला दोनच खाचा राहिल्या. दक्षिणेकडची मोठी, ती धन्याची, उत्तरेकडची बहुतेकदा त्याच्या बायकोची. त्या खाचेचं हळूहळू दार झालं. झोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडभोवती, इ.स.पू. 2650 च्या सुमाराला, जो दगडी कोट बांधला त्याला पंधरा दरवाजे आहेत. त्यांतला खरा एक. बाकीचे चौदा दगडात कोरलेले, मिटलेले. पर्यटक त्या एका खऱ्या दरवाजातून शिरतात आणि चौदांची गंमत वाटून फोटो काढतात. पण राजाच्या 'का'ला पंधराही सारखेच होते.

इथे मला आमच्या आजोबांचा दहावा आठवतो. मी दहा-अकरा वर्षांची असेन. नदीकाठी पिंड ठेवले होते आणि पिंपळावर तीन-चार कावळे बसलेले. खाली येईनात. मोठे काका पुढे झाले, हात जोडून मोठ्याने म्हणाले, "नाना, आईला आम्ही नीट सांभाळू." कावळे हलले नाहीत. धाकटी आत्या म्हणाली, "गावची जमीन विकणार नाही." तरी नाही. मग कुणी काही, कुणी काही. मेलेल्या माणसाला काय हवं असेल याचा अंदाज बांधत सगळे मोठ्याने बोलत होते, आणि ऊन चढत होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, त्यांना गाठ मारून कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "झालं." सगळ्यांनी आंघोळी केल्या आणि घरी आलो. त्या गवताच्या कावळ्याला खोटा कावळा कुणी म्हटलं नाही. म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्यामुळे दार खरं की खोटं यावर मला फार वेळ घालवायचा नाही. मला ओढ आहे ती भाकरीची. ती रोज ठेवणार कोण?

थोरल्या मुलाने ठेवायची, ही रीत. पण मुलाला त्याची मुलं असतात, त्याचं स्वतःचं थडगं बांधायचं असतं. नातू आजोबांना ओळखतो, पणतू नावाने ऐकून असतो. हे इजिप्तमधल्या माणसांना आपल्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मुलावर विसंबणं सोडलं आणि नोकर ठेवला. 'हेम-का' असं त्याचं नाव, 'का'चा सेवक. त्याला जमीन लावून द्यायची. त्याने ती कसायची, पीक घ्यायचं, त्यातून दारापुढे पान मांडायचं. 'का'ने चवीचा सूक्ष्म भाग घेतला की उरलेलं अन्न सेवकाच्या घरी. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. कुणाच्या प्रेमावर काही सोडलेलं नाही. जेवण मिळतंय तोवर माणूस येत राहील.

पाचव्या राजघराण्यातला निकाअंख नावाचा एक अधिकारी मध्य इजिप्तमध्ये तेहना इथे पुरलेला आहे. त्याने थडग्याच्या भिंतीवर वाटणीपत्रच कोरून ठेवलंय. बायको आणि मुलं, एकेकाच्या वाट्याला वर्षातल्या सेवेचा काळ आणि त्यापोटी जमीन. कोणाची पाळी कधी, सगळं नावानिशी. आपल्याकडे देवस्थानच्या पाळीचे कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना ती यादी वाचताना परकं काही वाटणार नाही.

पण या सगळ्यांत माझा जीव जडलाय तो असियूतच्या हापीजेफावर. हा नंतरचा, इ.स.पू. 1950 च्या आसपासचा, पहिल्या सेनुसरेतच्या राज्यातला प्रांताधिकारी. डोंगरात खोदलेल्या आपल्या थडग्याच्या भिंतीवर त्याने दहा करार कोरून ठेवले आहेत. दहा! देवळाच्या पुजाऱ्यांबरोबर, दफनभूमीच्या लोकांबरोबर. नव्या वर्षाच्या दिवशी त्याच्या मूर्तीपुढे कोणी किती पांढऱ्या भाकरी ठेवायच्या, बिअरचे घडे किती, वर्षाअखेरच्या जास्तीच्या पाच दिवसांत दिव्याच्या वाती कोणी पुरवायच्या. वाती! मेल्यावर आपल्या मूर्तीपुढच्या दिव्यात वात कोण घालणार याची काळजी करणारा माणूस मला डोळ्यांपुढे दिसतो. तो उशिरा जागा आहे, कारकुनाला पुन्हा बोलावतोय, वातींचं राहिलं म्हणून.

मोबदला म्हणून तो काय देतो तेही बघण्यासारखं आहे. तो पुजाऱ्याच्या घराण्यातला, त्यामुळे देवळाच्या उत्पन्नात त्याचा पिढीजात हिस्सा होता. त्या हिश्श्याचे तो दिवस मोजून देतो. आणि पुढे कुणी वाद घालू नये म्हणून व्याख्याही लिहितो: देवळाचा एक दिवस म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा तीनशेसाठावा भाग. काही गोष्टी तो आपल्या वडिलोपार्जित मिळकतीतून देतो, काही अधिकारपदाच्या मिळकतीतून, आणि कुठलं कशातून हे दर ठिकाणी स्पष्ट करतो. कारण त्याला कळत होतं की पदाबरोबर आलेलं धन पुढचा अधिकारी परत ओढून घेऊ शकतो, बापाकडून आलेल्याला तो हात लावू शकत नाही. पुढच्या अधिकाऱ्यांनाही त्याने बजावून ठेवलंय की एकाने केलेला करार दुसऱ्याने मोडायचा नसतो. आणि आपल्या 'का'च्या सेवकाला सांगितलंय: तुला दिलेलं हे सगळं तुझ्या एकाच मुलाला जाईल, त्याच्या वाटण्या होणार नाहीत.

वाटण्या होणार नाहीत. शेत तुकड्यातुकड्याने कसं संपतं हे पाहिलेल्या माणसाचं हे वाक्य आहे.

करारांच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूसही आपल्याला भेटतो, आणि तो भेटल्यावर हापीजेफाचा वहीम किती रास्त होता ते कळतं. हेकानख्त नावाचा एक 'का'चा सेवक होता, थीब्जला पुरलेल्या इपी नावाच्या वजिराचा. तोही साधारण याच काळातला. कामासाठी घरापासून लांब असताना त्याने घरी लिहिलेली पत्रं 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ हर्बर्ट विनलॉकला एका थडग्यात सापडली. पत्रांत वजिराच्या सेवेपेक्षा धान्याचं बोलणं जास्त आहे. कोणतं शेत खंडाने घ्यायचं, कुणाला किती शिधा द्यायचा, मला जुना वाळलेला जव का पाठवलात, माझ्या बाईला घरात छळतायत ते थांबवा. दुष्काळी साल होतं, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. मला त्याचा राग येत नाही. त्याच्या अंगावर जिवंत माणसांचं पोट होतं. वजीर मेलेला होता आणि थांबू शकत होता.

भाकरी थांबणार, हे कळल्यावर मग काय करायचं? भाकरी कोरून ठेवायची. म्हणून ती वरची पाटी, म्हणून चौरंग, म्हणून भिंतीवर ओळीने चालणाऱ्या बायका, डोक्यावर टोपल्या, एकेक बाई म्हणजे धन्याचं एकेक गाव, बाजूला गावाचं नाव. गिझाची राजकन्या नेफरतिआबेत हिची पाटी आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे. बिबट्याच्या कातड्याचं वस्त्र नेसून ती चौरंगापुढे बसली आहे, समोर अन्न, कापडचोपड, सगळ्याच्या याद्या. चित्रातली भाकरी शिळी होत नाही आणि तिला सेवक लागत नाही.

चित्रही झिजेल, मग शब्द. दारावरचं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं. होतेप दी नेसू, राजा देतो ते दान. यातले स्वर आपले आजचे आहेत बरं का. त्यांच्या लिपीत स्वर नव्हते, वाचण्याच्या सोयीसाठी अभ्यासकांनी ते भरले. मेहूने मला वाचताना ऐकलं असतं तर त्याला ओळ कळली नसती. होतेप या शब्दाचं चिन्ह बघा. एक चटई, तिच्यावर ठेवलेली भाकरी. एवढंच. या शब्दाचा अर्थ नैवेद्यही होतो आणि निवांतपण, समाधान असाही. चटईवर भाकरी आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

मग यादी. हजार भाकरी, हजार घडे बिअर, हजार बैल, हजार पक्षी, हजार वस्त्रं. हजारासाठी एक कमळाचं रोप काढतात. दारावर ते रोप पुन्हा पुन्हा येतं, आणि आडव्या उजेडात सगळी कमळं एका बाजूला सावली टाकत उभी असतात. सणांचीही यादी असते. नवं वर्ष, थोथ देवाचा सण, वागचा सण, महिन्याचा, पंधरवड्याचा, आणि शेवटी काही सुटू नये म्हणून: प्रत्येक सणाला आणि रोज.

या सगळ्या दानाला त्यांचा एक शब्द आहे, पेरेत-खेरू. शब्दशः, आवाजाचं बाहेर पडणं. लिहायचं कसं, तर घराचं चिन्ह, वल्ह्याचं चिन्ह, आणि त्यांच्याखाली एक भाकरी आणि एक घडा. वल्हं इथे आवाजासाठी येतं. तोंडातून आवाज बाहेर पडला की भाकरी आणि घडा येतात. म्हणजे दार उघडायला हात लागत नाही, आवाज लागतो. बिजागरी नाही, कडी नाही, आणि चार बोटांची फट, कारण यातून माणूस जायचाच नव्हता. एकीकडून आवाज जाणार आणि दुसरीकडून 'का' येणार, एवढ्यासाठी केलेलं हे दार आहे. त्याचं माप बरोबर आहे.

पण आवाज काढणार कोण? मुलगा गेला, सेवक गेला, सेवकाचा एकुलता वारस दुष्काळात गाव सोडून गेला. राहिलं कोण? वाटेने जाणारं. म्हणून थडग्यांवर आणि स्मारकशिळांवर त्या परक्या माणसाला हाक मारलेली असते. पृथ्वीवर जगणाऱ्यांनो, या थडग्यावरून जाणाऱ्यांनो, म्हणा: हजार भाकरी, हजार घडे बिअर. आणि पुढच्या काळात त्याला जोडून एक विनवणी येते, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. तिचा भाव असा की हा नुसता तोंडाचा वारा आहे, याने तुम्ही दमणार नाही, तुमचं काही खर्च होणार नाही, आणि मेलेल्याला मात्र त्याचा उपयोग आहे. आयुष्यभर हुकूम सोडलेली माणसं ही. बैलांचे कळप, गावंच्या गावं नावावर असलेली. सगळा हिशेब करून झाल्यावर शेवटी ती येऊन थांबली ती अनोळखी माणसाच्या एका श्वासापाशी.

काहींनी दमही दिलाय. अपवित्र होऊन आत येशील, माझ्या थडग्याला इजा करशील, तर पाखराची धरावी तशी तुझी मान धरीन. विनवणी आणि धमकी दोन्ही एकाच भयातून येतात, म्हाताऱ्या माणसांत आपण हे पाहिलेलं असतं.

श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्यांची नावं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा. चौथं विचारत नाहीत. आमच्या घरी ते चौथं नाव कुणालाच सांगता येत नाही, आणि बायकांच्या बाजूची तर दुसऱ्या पिढीतच अडखळतात. मेहूचं नाव मात्र मला ठाऊक आहे.

गिझाला इदू नावाच्या एका अधिकाऱ्याचं थडगं आहे. पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइसनरच्या चमूला ते 1925 मध्ये सापडलं. तिथल्या दारात एक वेगळीच गोष्ट केलेली आहे. दाराच्या खालच्या अंगाला, फट जिथे जमिनीला टेकते तिथे, स्वतः इदू आहे, कमरेपासून वर. जमिनीतून अर्धा वर आलेला, दोन्ही हात पुढे पसरलेले, तळवे आकाशाकडे. सक्काऱ्याच्या मेरेरुकाच्या भव्य थडग्यात, जिथे तीसहून जास्त दालनं आहेत, मेरेरुका कोनाड्यातून ताठ मानेने पाऊल टाकत बाहेर येताना दाखवलाय, समोर पायऱ्या, खाली नैवेद्याचा पाट. तो वजीर आहे आणि वजिरासारखाच येतो. इदू तसा येत नाही. तो हात पसरून थांबलाय. त्याचे तळवे अशा उंचीवर आहेत की त्यांत काही ठेवायचं तर आपल्याला गुडघे टेकावे लागतील.

चार हजारांवर वर्षं ते हात तसेच आहेत.

वहीम खरा ठरला का? ठरला, आणि विसरण्यापेक्षाही वाईट घडलं. सक्काऱ्याला इही नावाच्या वजिराने स्वतःसाठी थडगं बांधलं, ते पुढे इदूत नावाच्या राजकन्येला देऊन टाकलं. त्याची आकृती, त्याचं नाव छिन्नीने काढून तिचं केलं. नाव गेलं म्हणजे त्याच्या नावाने म्हणायच्या हजार भाकरीही गेल्या. हत्शेप्सुत राणीचा वजीर उसेर याचं लाल ग्रॅनाइटचं दार, खऱ्या ग्रॅनाइटचं, पावणेदोन मीटर उंच, 2010 मध्ये कर्नाकजवळ सापडलं तेव्हा ते रोमन काळातल्या एका भिंतीत चिरा म्हणून बसवलेलं होतं. गवंड्याला सपाट दगड हवा होता. आणि एवढे दहा करार करणाऱ्या हापीजेफाच्या बायकोचा, सेनुवीचा, काळ्या दगडातला अप्रतिम पुतळा सुदानात केर्माला निघाला, असियूतहून कितीतरी दूर, आणि आता अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचा स्वतःचा भंगलेला पुतळाही त्या केर्मालाच मिळाला. वातीचा करार तिथपर्यंत कसा पोचणार?

लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये प्ताहशेप्सेसचं दार आहे. मेम्फिसच्या प्ताह देवाचा हा महापुजारी. त्याच्या दारावर त्याने जन्मापासूनचं लिहून ठेवलंय. मेनकाउरे राजाच्या काळात जन्मलो, राजवाड्यात राजाच्या मुलांबरोबर वाढलो, राजाची थोरली लेक मला दिली. आणि एक गोष्ट त्याला सांगितल्याशिवाय राहवलं नाही: राजाने मला जमिनीचं चुंबन घेऊ दिलं नाही, आपल्या पायाचं घेऊ दिलं. दाराशी आलेल्या परक्याला आपण कोण होतो हे पटवून द्यायची ती धडपड आहे, कारण परक्याने का म्हणून थांबावं? मी त्या दारापुढे दोनदा उभी राहिले आहे. लोक येतात, पाटी वाचतात, पुढे जातात. ते दार पश्चिमेकडे तोंड करून बघायचं होतं, लंडनच्या त्या दालनात दिशा विचारायचंही कुणाला सुचत नाही. दुसऱ्या खेपेला मी त्याचं नाव हळू आवाजात घेतलं. शेजारच्या बाईंनी चमकून पाहिलं, मग त्यांनीही वाकून दाराकडे पाहिलं.

सक्काऱ्याला लाजायचं कारण नव्हतं. दोन वर्षं संध्याकाळी घरी बसून मी ती चिन्हं गिरवली होती, ती याच एका ओळीसाठी. राखणदाराला मी खुणेने सांगितलं की उजेड जरा वर धर. त्याने धरला. चटईवरची भाकरी दिसली, वल्हं दिसलं, खाली घडा, मग कमळांची रांग. मी मोठ्याने वाचलं. होतेप दी नेसू. खोलीचं छत ठेंगणं आहे, आवाज लगेच परत येतो. हजार भाकरी मराठीतच म्हटल्या, हजार घडेही, बैल, पक्षी, वस्त्रं. मग नाव.

"मेहू," मी म्हटलं.

राखणदार इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. नाव ऐकल्यावर तो सरळ झाला आणि त्याने मोकळा हात छातीवर ठेवला.

"अल्लाह यरहमुह," तो म्हणाला. गेलेल्या माणसाचं नाव निघालं की तिकडे म्हणतात ते: देव त्याच्यावर दया करो. अगदी सहज म्हणाला, गल्लीतल्या कुणा म्हाताऱ्याबद्दल म्हणावं तसं. मग बाहेर कुणाची तरी हाक आली, आणि त्याने टॉर्च बंद केला.